पाचोळ्यात मुरलेले औषध

आमच्याकडे कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. बडोद्याहून पूर्वेला डभोई, बोडेलीच्या वाटेला लागलात की शेतकरी कापसावर ‘दवा छांटतो’. खानदेश-विदर्भातला शेतकरी ‘औषध मारतो’. रोग पडला, औषध दिले, इतका सरळ व्यवहार. पण औषध म्हटले की त्याच्या पाठोपाठ आणखी एक समजूत येते. औषध काम करते आणि संपते. ताप उतरला की गोळीचा विषय मिटला. फवारणीबद्दलही आपण तसेच धरून चालतो. पाने ओली होती, वाळली. वास येत होता, गेला. औषध गेले.

हे पुस्तक ‘गेले’ या एका शब्दाच्या मागे लागून लिहिले आहे. गेले म्हणजे कुठे गेले, किती दिवसांनी गेले आणि जाताना कोणाकोणाच्या अंगातून गेले? हा प्रश्न मी शेतात न विचारता जंगलात विचारला, त्याला कारण आहे. शेताची माती दरवर्षी नांगराखाली उलटते. वरचे खाली जाते, खालचे उन्हात येते, सगळे मिसळून विरळ होते. जंगलाची माती कोणी नांगरत नाही. तिथे जे वरून पडते ते पडल्या जागी थरावर थर साचत राहते. शेतात वीतभर खोलीत पसरले असते ते जंगलात वरच्या दोन बोटांत अडकून बसते. आणि जंगलातला बहुतेक बारीक जीव त्याच दोन बोटांत राहतो.

मग पुढचा प्रश्न येतो, तो मलाही सुरुवातीला पडला होता. बडोद्याच्या पूर्वेकडच्या जांबुघोड्याच्या सागात किंवा रतनमहालच्या डोंगरावर औषध मारायला जातो कोण? विमानातून जंगलावर फवारणी करण्याची रीत अमेरिका-कॅनडात होती; आपल्याकडच्या सागवनात ती प्रयोगापलीकडे फारशी गेली नाही. तरीही औषध जंगलात पोचते. त्याच्या वाटा पायवाटांसारख्या आहेत, नकाशावर न दिसणाऱ्या.

सगळ्यात जुनी वाट रोपवाटिकेतून जाते. सागाचे रोप लहान असते तेव्हा त्याचे दोन वैरी: मुळे कुरतडणारी हुमणी आणि वाळवी, म्हणजे इकडची उधई. त्यावर कितीतरी वर्षे एकच उपाय चालला, वाफ्याच्या नाहीतर पिशवीच्या मातीत औषध मिसळणे. आधी बीएचसी, जुन्या माणसांच्या तोंडी गॅमेक्सिन. मग आल्ड्रिन. पुढे क्लोरपायरिफॉस आणि दाणेदार फोरेट. आल्ड्रिनवर 1996 साली बंदी आली, बीएचसीवर 1997 साली, फोरेट 2020 च्या अखेरीस थांबले. पण दुकानातून एखादे औषध उठले म्हणून मातीतून उठत नाही. पिशवी फाडून रोप खड्ड्यात बसवले की पिशवीतली माती रोपाबरोबर डोंगरावर जाते आणि तिथलीच होऊन राहते.

दुसरी वाट घरातून. 1953 साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीचा पंप पाड्यापाड्यावर पोचला. त्या पंपाने लाखो जीव वाचवले, हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. पुढचे वाचताना कोणी ते विसरू नये. शेतीतला डीडीटी 1989 साली बंद झाला, पण हिवताप आणि काळा आजार यांच्यासाठी भिंतींवर मारण्याची मुभा नंतरही राहिली. हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या, रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या कारखान्यात तो बनत राहिला. आता जंगलातल्या घराची भिंत डोळ्यांसमोर आणा. बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचे लिंपण. लिंपण पोपडते, खरवडून अंगणात पडते, नवे चढते. अंगणातली माती परसात जाते, परसातली पावसाबरोबर ओहोळात. भिंतीवरचे औषध याच वाटेने घराबाहेर पडते.

तिसऱ्या वाटेबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण तिच्यासाठी आत एक अख्खे प्रकरण आहे. ही वाट जंगलाच्या कडेच्या कापसाची. बीटी कापसाचे बियाणे रंगीत असते ते हौसेने नव्हे. त्यावर बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखाद्या औषधाचा लेप असतो. पिकानुसार त्यातले साधारण 2 ते 20 टक्के रोप उचलते. उरलेले मातीत राहते. बांधापलीकडे महुडा (मोह) आणि टिमरू (तेंदू) उभे असतात, आणि पाण्याला बांधाची ओळख नसते.

चौथी वाट मात्र अशी आहे की ती कळल्यावर मी कितीतरी दिवस जंगलाकडे वेगळ्याच नजरेने पाहत होतो. जंगल स्वतःच हवेतून औषध ओढून घेते. 1998 साली मॅकलाक्लन आणि हॉर्स्टमन या दोन संशोधकांनी जर्मनीतल्या जंगलांवरच्या मोजमापांतून दाखवले की उघड्या जमिनीपेक्षा जंगलाखाली काही सेंद्रिय विषद्रव्ये किती तरी जास्त उतरतात. कारण पान. प्रत्येक पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि पाण्यात न विरघळणारी, तेलकट वळणाची औषधे त्या मेणात बसतात. एका झाडाची सगळी पाने पसरली तर केवढी जमीन झाकली जाईल, याचा विचार करा. एवढे मेणकापड वर्षभर वाऱ्यात धरलेले असते. मग शिशिरात ते गळते आणि जे काही गाळून घेतले होते ते सगळे जमिनीच्या स्वाधीन करते. वापीपासून बडोदे ओलांडून अहमदाबादपर्यंत कारखान्यांचा जो पट्टा आहे, त्यात देशाच्या कीटकनाशकांचा मोठा वाटा तयार होतो. त्या पट्ट्याच्या पूर्वेला, हवेच्या अंतराने फारसा दूर नसलेला, हा सागाचा पट्टा आहे.

पाचोळा म्हणजे नुसती वाळलेली पाने नव्हेत. फाल्गुनात जांबुघोड्याला गेलात तर सागाच्या पानांचा एवढा आवाज होतो की शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते. ते वरचे पान कोरडे, अख्खे, अजून आपल्या आकारात असते. ते उचला. खाली गेल्या वर्षीचे पान सापडेल, जाळीसारखे, नुसत्या शिरा उरलेले. त्याखाली चहाच्या चोथ्यासारखा काळपट भुगा. आणि मग माती. चार वेगवेगळ्या वस्तीचे हे चार मजले आहेत, आणि औषध प्रत्येक मजल्यावर निराळे वागते. वरच्या मजल्यावर ऊन आणि वारा लागतो; तिथले औषध उडते, उन्हाने तुटते. काळपट भुग्याच्या मजल्यावर सेंद्रिय कर्ब सगळ्यात जास्त. तिथे ते चिकटते. चिकटले म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. ते खाली पाण्यात जाण्यापासून अडले, आणि त्याला तोडणाऱ्या जिवाणूंच्या हातापासूनही बरेचसे वाचले.

किती चिकटेल हे बव्हंशी ते पाण्यात किती विरघळते यावरून कळते. एक लिटर पाण्यात डीडीटी एका मिलिग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा विरघळत नाही. क्लोरपायरिफॉस सुमारे एक मिलिग्रॅम विरघळते. इमिडाक्लोप्रिड सुमारे सहाशे मिलिग्रॅम. म्हणजे पहिले पाचोळ्याला घट्ट धरून बसणारे, तिसरे पाण्याचे बोट धरून निघणारे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपण पहिल्या जातीकडून तिसऱ्या जातीकडे आलो आहोत. डीडीटीच्या काळात प्रश्न होता, ते इथून जाणार कधी. आजच्या औषधांबद्दल प्रश्न आहे, ते इथून निघून कोणाच्या दारी पोचले. दोन्ही प्रश्न एकाच मोजपट्टीने मोजता येत नाहीत, आणि ‘नवी औषधे लवकर नाहीशी होतात’ हे विधान मला म्हणूनच अर्धे वाटते.

मोजण्याबद्दल इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण या विषयावरचे आकडे वाचताना भलेभले तिथे घसरतात. समजा एक किलो पाचोळ्यात एक मिलिग्रॅम औषध सापडले आणि एक किलो मातीतही एक मिलिग्रॅमच सापडले. आकडा तोच. पण पाचोळा हलका असतो. एका हेक्टरवर चार टन पाचोळा धरला तर त्यात औषध झाले चार ग्रॅम. त्याच हेक्टरवर वरच्या दहा सेंटिमीटर मातीचे वजन तेराशे टनांच्या घरात जाते. तिच्यात झाले तेराशे ग्रॅम. म्हणून ‘पाचोळ्यात जास्त सापडले’ आणि ‘पाचोळ्यात जास्त आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य पाचोळा खाणाऱ्या किड्यासाठी महत्त्वाचे, दुसरे खालच्या विहिरीसाठी. आत जिथे जिथे आकडा दिला आहे तिथे तो किलोमागे आहे की हेक्टरमागे, हे मुद्दाम लिहिले आहे.

आता ही साठवण कोणाच्या पोटात जाते? याची सगळ्यात बोलकी हकिकत जंगलातली नाही, रस्त्याकडेच्या झाडांची आहे. तरी ती पाचोळ्याचीच आहे म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ईस्ट लान्सिंग इथे विद्यापीठाच्या आवारातल्या एल्म वृक्षांवर रोग आला. तो पसरवणारे भुंगेरे मारायला 1954 पासून डीडीटी फवारू लागले. दर वसंतात त्या आवारात रॉबिन पक्षी येत. फवारणीनंतरच्या वसंतात ते आले आणि मरू लागले. पक्ष्यांवर कोणी फवारले नव्हते. जॉर्ज वॉलेस या पक्षितज्ज्ञाने आणि इलिनॉयच्या रॉय बार्करने ही साखळी उलगडली. बार्करने ती 1958 साली प्रसिद्ध केली. औषध पानांवर बसले. शरदात पाने गळली. गांडुळांनी पाचोळा खाल्ला, औषध त्यांच्या अंगात साठले, ती मात्र बरीचशी जगली. वसंतात रॉबिन आले आणि त्यांनी गांडुळे खाल्ली. अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनला पुरेशी होती. तेवढी तर तो काही मिनिटांत टिपतो. रेचेल कार्सनने 1962 साली ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही हकिकत जगापुढे मांडली.

या हकिकतीत मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट पक्ष्याच्या मरणापेक्षाही मधला हिवाळा आहे. फवारणी आणि मरण यांच्यामध्ये महिनेच्या महिने गेले होते. त्या काळात औषध कुठे होते? पाचोळ्यात होते. झाडाखाली कोणी उभे राहिले असते तर त्याला तिथे काही दिसले नसते.

टिकण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर मोजला गेला तो कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या मेन राज्यात. स्प्रूसच्या कळ्या खाणाऱ्या अळीसाठी तिथे 1950 आणि 60 च्या दशकांत विमानांनी जंगलांवर डीडीटी सोडला. मेनमधल्या मातीचे नमुने पुढे वेळोवेळी तपासले गेले. शेवटची फवारणी 1967 ची; 1990 च्या दशकात पाहिले तेव्हाही डीडीटीचे अवशेष तिथल्या मातीत सापडत होते. अर्धायुष्य या शब्दाचा अर्थ इथे नीट कळतो. एखाद्या औषधाचे अर्धायुष्य दहा वर्षांचे असेल तर दहा वर्षांनी अर्धे उरते, वीस वर्षांनी पाव, तीस वर्षांनी आठवा हिस्सा. ‘संपले’ असा दिवस त्या हिशेबात येतच नाही.

पण मेनचा आकडा उचलून मी जांबुघोड्याला लावणार नाही, आणि कोणी लावला तर त्याला विरोध करीन. या पुस्तकाचा मुख्य आग्रह हाच आहे. तिथे थंडी आहे, सूचिपर्णी झाडे आहेत, त्यांच्या सुयांचा पाचोळा आम्ल असतो आणि कुजायला वर्षानुवर्षे घेतो. इथे साग आहे. सागाच्या पानात कॅल्शियम भरपूर, म्हणून त्याखालची माती आम्लतेकडे फारशी झुकत नाही. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. आणि त्याच दिवसांत झाडे निष्पर्ण असतात. सूचिपर्णी जंगलात ज्या काळोखात पाचोळा पडून राहतो तो काळोखच आमच्याकडे मार्च ते मे या महिन्यांत नसतो. पाचोळ्यावर थेट ऊन पडते. उन्हाने औषध तुटते, उष्णतेने उडते. एवढ्यावरून वाटेल की इथे सगळे लवकर नाहीसे होणार.

इथेच थांबायला हवे. औषध तोडण्याचे मोठे काम जिवाणू आणि बुरशा करतात, आणि त्यांना ओल लागते. बडोद्याकडचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबरनंतर पाचोळा कोरडा होत जातो आणि पुढचे आठ महिने त्यातले जिवाणू जवळजवळ हात बांधून बसलेले असतात. म्हणजे आमच्या जंगलात औषधाचे घड्याळ एकसारखे चालतच नाही. वर्षाचे आठ महिने ते रेंगाळते आणि चार महिने धावते. प्रयोगशाळेत पंचवीस अंशांवर, ओल कायम राखलेल्या मातीत काढलेले ‘अमुक दिवस’ हे अर्धायुष्य या जंगलाला कसे लागू पडेल? नोव्हेंबरात पडलेल्या औषधाचे आणि जुलैत पडलेल्या औषधाचे आयुष्य सारखे असू शकत नाही, जरी दोन्ही एकाच बाटलीतून आलेली असली.

आणि मग पहिला पाऊस येतो. आठ महिने वर साचलेले सगळे एका आठवड्यात हलते. सागाचे पान मोठे. पावसाळ्यात त्यावर थेंब गोळा होऊन टपोरा होतो आणि उंचावरून खाली आदळतो. खाली पाचोळा असला तर तो मार झेलतो. पाचोळा जळालेला असला तर माती उडते, वाहते, आणि मातीच्या कणाला चिकटलेले औषध तिच्याबरोबर जाते. डीडीटीसारखे न विरघळणारे औषध प्रवास करते ते असे, मातीच्या पाठीवर बसून. त्याखेरीज पाचोळ्यातून चहाच्या रंगाचे पाणी सुटते. त्यात विरघळलेला सेंद्रिय भाग असतो आणि तोही अशा औषधांना आपल्यासोबत वाहून नेतो. खाली काळी माती असेल तर उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगा, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, वाळवीची आणि गांडुळांची बिळे या सगळ्या उभ्या नळ्याच असतात. पुस्तकातले गणित सांगते की औषध मातीतून कणाकणाने झिरपत जाईल. प्रत्यक्षात पहिल्या पावसाचे पाणी या नळ्यांतून सरळ खाली उतरते, मातीला विचारतही नाही.

पावागढावर पडलेले पाणी विश्वामित्रीतून आमच्या शहरात येते. कमाटी बागेशेजारून जाते, जिथे नदीत मगरी आहेत. डोंगरावरचा पाचोळा आणि शहरातली नदी यांच्यात एवढाच काय तो पल्ला.

आगीचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. महुड्याची फुले वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. फुले वेचणाऱ्याला यासाठी दोष देणे मला मान्य नाही. ती फुले त्याच्या घरातले धान्य आणि रोकड दोन्ही असतात. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ती आग म्हणजे सगळा हिशेब बदलणारी घटना आहे. पाचोळ्यातले काही औषध जळते, काही वाफ होऊन हवेत जाते आणि दुसरीकडे उतरते, आणि त्याला धरून ठेवणारा थरच नाहीसा होतो. परदेशातल्या ज्या जंगलांवर ही शास्त्रे उभी राहिली त्यांच्या मोजणीत दरवर्षीची आग नव्हती.

तुटणे म्हणजेही निर्धोक होणे नव्हे. डीडीटी तुटून डीडीई होतो आणि तो मूळ औषधाइतकाच चिवट असतो. पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ करणारा तोच. एंडोसल्फान तुटून एंडोसल्फान सल्फेट होते. ते मूळ औषधापेक्षा जास्त टिकते आणि विषारीही असते. म्हणून ‘एंडोसल्फान सापडले नाही’ एवढ्या अहवालावर समाधान मानू नये. सल्फेट पाहिले होते का, हे विचारावे. केरळातल्या कासरगोडला काजूच्या साडेचार हजार हेक्टरांहून अधिक मळ्यांवर 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 2000 सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. डोंगरमाथ्यावर काजू, उतारावर आणि तळाशी वस्ती. तिथल्या पडरे गावातल्या मुलांची तपासणी आमच्या गुजरातेतल्या संस्थेने, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने, केली आणि फवारणी थांबून दहा महिने उलटल्यावरही मुलांच्या रक्तात एंडोसल्फान आढळले. 13 मे 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली. कासरगोडची गोष्ट बहुतेक वेळा विमान-हेलिकॉप्टरची म्हणून सांगितली जाते. ती उताराची, मातीची आणि पाण्याचीही आहे.

मरणाशिवायही नुकसान होते, आणि ते दिसायला फार कठीण असते. कॅनडाच्या वनसेवेतल्या संशोधकांनी इमिडाक्लोप्रिड टोचलेल्या झाडांची गळलेली पाने पाण्यातल्या पाने कुरतडणाऱ्या किड्यांपुढे आणि पाचोळ्यातल्या गांडुळांपुढे ठेवली. शेतात-जंगलात प्रत्यक्ष आढळेल एवढ्या मात्रेला ते मेले नाहीत. त्यांनी खाणे कमी केले. पान कुजणे मंदावले. मेलेल्यांची मोजणी करणाऱ्याच्या वहीत त्या दिवशी शून्य लिहिले गेले असते. पण जंगलाचे पोट चालते ते या खाणाऱ्यांवर. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि हीथ यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पानांचे तुकडे जाळीच्या पिशव्यांत भरून जमिनीत पुरले होते. मोठ्या भोकांच्या पिशवीत किडे-गांडुळे शिरू शकत होती, बारीक भोकांच्या पिशवीत फक्त जिवाणू आणि बुरशी. बारीक पिशवीतली पाने कितीतरी काळ जशीच्या तशी राहिली. एवढ्या साध्या प्रयोगाने दाखवून दिले की कुजणे हे आधी चावणे असते.

आमच्या कोरड्या जंगलात चावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर वाळवी करते, कारण गांडूळ उन्हाळ्यात खोल दडून बसते आणि वाळवी मात्र आपल्या मातीच्या बोगद्यांतून चालूच राहते. ती खालची माती वर आणते, वरचे पान खाली नेते. रोपवाटिकेत जिला मारायला औषध आणले तीच जंगलात पान मातीला मिळवते. रतनमहालचे आणि जांबुघोड्याचे अस्वल वारुळे फोडून तिलाच खाते. आणि पहिल्या पावसानंतर दिसणारा तांबड्या मखमलीचा मृगाचा किडा, तोही याच दोन बोटांच्या मातीतला रहिवासी आहे. तो माइट आहे, म्हणजे कोळ्यांच्या कुळातला, आणि शिकारी आहे. डीडीटीच्या जुन्या प्रयोगांत एक नमुना पुन्हा पुन्हा दिसला. औषधाने शिकारी माइट मेले आणि त्यांचे भक्ष्य असलेले स्प्रिंगटेल नावाचे खसखशीएवढे, उड्या मारणारे प्राणी उलट वाढले. किड्यांची एकूण संख्या मोजणाऱ्याला वाटावे, सगळे ठीक आहे.

भाषेबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. हा विषय मराठीत, आणि तोही बडोद्यात बसून का लिहिला, असे मला विचारले गेले. बडोद्याला यात नवे काही नाही. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, 1890 साली, त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने इथे कलाभवन उभे केले ते शास्त्र आणि कारागिरी देशी भाषांत शिकवता यावी म्हणूनच. सयाजी साहित्यमालेत मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांतून शास्त्राची पुस्तके निघाली. त्या परंपरेत एक लहान वीट ठेवावी, एवढीच इच्छा. शब्दांच्या बाबतीत मी एक धोरण ठेवले. परिभाषा कोशात अधिशोषण आणि निक्षालन हे शब्द आहेत. ते अचूक आहेत, पण जंगलाच्या कडेच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला ते परके वाटतील. म्हणून ‘चिकटणे’ आणि ‘झिरपणे’ लिहिले. अर्धायुष्य हा शब्द ठेवला, कारण तो ऐकताच कळतो. औषधांची नावे जशी बाटलीवर असतात तशीच ठेवली.

मापनाची साधने आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. जेम्स लव्हलॉकने 1957 च्या सुमारास इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर बनवला, तेव्हापासून अब्जावधी कणांतला एखादा कणही पकडता येऊ लागला. अशी यंत्रे आज विद्यापीठांत आणि सरकारी प्रयोगशाळांत आहेत. यंत्रापर्यंत पोचणारा नमुना नीट घेतलेला असणे, हे काम मात्र आपले आहे. शेवटच्या प्रकरणात त्याची रीत दिली आहे आणि ती शाळा-कॉलेजातल्या मुलांना जमेल अशीच आहे.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही उचलू नये. पण गावाच्या गायरानालगत, शाळेच्या मागे, शेताच्या बांधावर साग आणि महुडा आहेतच. वर्षातून दोनदा जा, मृगाआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा, दोन्ही वेळा त्याच झाडाखाली. एक फूट लांब, एक फूट रुंद चौकट ठेवा. तिच्यातला सगळा पाचोळा आधी उचला, मग खालची दोन बोटे माती वेगळी घ्या. दोन्ही एकत्र करू नका. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, काचेच्या बरणीत किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात बांधा आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बर्फात ठेवा. चिठ्ठीवर तारीख, झाड, जवळचे शेत किती पावलांवर आहे, त्यात यंदा कोणते औषध मारले आणि झाडाखाली शेवटची आग कधी लागली, एवढे लिहा. शेतकऱ्याला औषधाचे नाव विचाराल तेव्हा रिकामी बाटली दाखवायला सांगा. नाव तिच्यावरून उतरवून घ्या.